मामांचं गिऱ्हाईक

लग्नाचा बस्ता घ्यायला माणसं आली की आमच्या दुकानातले मामा आधी साडी काढत नसत, आधी माणसं बघत. टेम्पो भरून घरदार आलेलं असायचं. चपला काढून सगळे गादीवर बसलेत, लेकरं रडतायत, म्हातारे पाणी मागतायत, आणि मामा कोपऱ्यात उभे राहून चष्म्यावरून एकेकाचं तोंड न्याहाळतायत. मग हळूच माझ्याजवळ येऊन सांगायचे, "ते पाह्य, खांबाले टेकून बसली ते. नवरीची आत्या असंल. ते रुसनार हाय." आणि पहिली साडी त्या बाईपुढे उलगडायचे. नवरीचा शालू राहिला बाजूला, नवरदेवाची आई राहिली बाजूला, आधी आत्याबाई.

"पयलं लुगडं रुसनारीचं," हा त्यांचा कायदा होता. एकदा तिचं मन भरलं की बाकीचा बस्ता तासाभरात उरकतो म्हणायचे, आणि नाही भरलं तर लग्नाच्या मांडवात सुद्धा ती साडीचा विषय काढते. मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, त्यांचा अंदाज चुकलेला मला आठवत नाही. कधीकधी रुसणारा बाप्याही निघायचा. मग मामा धोतराच्या पानांचा गठ्ठा सोडायचे आणि त्याच्याशी पावसापाण्याचं बोलत बसायचे.

दुकान मालेगावचं. नाशिककडचं नव्हे, आमचं, वाशिम जिल्ह्यातलं. मी मेडशीहून रोज एसटीनं यायची, अजूनही येते. मामा कोणाचेच सख्खे मामा नव्हते. त्यांना लेकरूबाळ नव्हतं, घरी फक्त मामी. पण पंचक्रोशीतल्या निम्म्या लेकी त्यांनी दाखवलेली साडी नेसून सासरी गेल्या, म्हणून ते सगळ्यांचे मामा.

माझ्याही लग्नाचा बस्ता त्यांनीच दाखवला होता. आम्ही बौद्ध. आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते. माझी आई आधी एका दुसऱ्या दुकानात गेली होती, तिथल्या माणसानं मयताचं कापड ठेवतात त्या फळीवरून पांढरी साडी काढून दिली. आई उठून बाहेर आली. मग आम्ही मामांकडे गेलो. त्यांनी शालूंचं कपाट उघडलं आणि त्यातूनच पांढऱ्या साड्या काढल्या, जरीच्या काठाच्या, एकीवर एक. म्हणाले, "माय, नवरीची साडी नवरीच्याच कपाटात राह्यते." आईनं तिथंच पदर डोळ्याला लावला. पुढं माझ्यावर नोकरी करायची वेळ आली तेव्हा मी दुसरीकडे कुठं जाणार होते?

त्यांच्या सवयी म्हणाल तर सांगायला दिवस पुरायचा नाही. गिऱ्हाईक असताना ते चहा पीत नसत, कपड्यावर डाग पडेल म्हणून. साडी विकली गेली नाही तरी घडी तीच घालायचे, तशीच, पदर वर ठेवून, आणि घडी घालताना साडीशी पुटपुटायचे, "जाशीन, जाशीन, तुह्यासाठी बी येईल कोनी." आम्ही हसायचो. त्यांना फरक पडायचा नाही. पोहरादेवीच्या यात्रेचे दिवस आले की तांड्यावरच्या बंजारा बाया दुकानात यायच्या, त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलायचे. कुठून शिकले कोण जाणे. आणि दारात माणूस दिसलं की मामांचं "या, या, बसा" जे निघायचं ते पार रस्त्यापलीकडे ऐकू जायचं. नुसतं बघायला आलेलं माणूसही त्या आवाजानं चपला काढून मोकळं व्हायचं.

मोठ्या शेठजींचा त्यांच्यावर जीव होता. जैन माणूस, कडक नियमाचा, सूर्य मावळायच्या आत जेवणारा. संध्याकाळी जेवायला वर जाताना गल्ल्याची किल्ली मामांच्या हातात देऊन जायचे. मिसरूड फुटायच्या आधीपासून मामा त्यांच्या गादीशेजारी बसत होते. मग शेठजींना अर्धांगवायूचा झटका आला, ते दुकानाच्या वरच्या खोलीत पलंगाला खिळले आणि पुण्याला शिकलेले लहान शेठ गादीवर आले. गादीवर आले म्हणायचं आपलं. त्यांनी पहिल्याच वर्षी गादी काढून खुर्च्या आणि काचेचे काउंटर लावले.

लहान शेठ वाईट नव्हते. मी त्यांचं मीठ खाते म्हणून म्हणत नाही, खरंच नव्हते. पण त्यांना सगळी घाई. त्यांनी आम्हाला एकसारखे टी-शर्ट दिले, मामांनाही, त्या वयात. मग एक दिवस स्टॅम्प पेपर आणले. नोकरी सोडली तर पाच वर्षं या तालुक्यात कापडाचा धंदा करणार नाही आणि दुकानाच्या गिऱ्हाइकांशी संबंध ठेवणार नाही, असं त्यावर लिहिलेलं. आम्ही बघितलंही नाही, सह्या ठोकल्या. मामांनी मात्र चष्मा पुसून अर्धा दिवस वाचला तो कागद. सही केली आणि म्हणाले, "शेठजी, इंझोरीचे पाटील आपल्याकडे येतात तेव्हा आधी माह्या घरी पानी पेतात. मंग आता त्याईले पानी द्याचं का नाही?" लहान शेठ हसले. त्यांना वाटलं म्हातारा गंमत करतोय.

त्याच इंझोरीवाल्यांच्या बस्त्याच्या दिवशी घडलं ते. ऐन लगीनसराई, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. मामा नवरीच्या एका चुलतीसमोर बसलेले, तिचं काही केल्या मन भरेना. समोर साड्यांचा ढीग. लहान शेठनी दोनदा खुणावलं, मग तरातरा आले आणि मामांच्या हातातली साडी ओढून घेतली. "मामा, एका बाईपायी सगळा काउंटर अडवलाय तुम्ही. उद्यापासून तुम्ही बाहेर गाड्या लावायचं बघा." इतक्या माणसांसमोर. त्या चुलतीनंच मान खाली घातली.

मामांनी काय करावं? काही नाही. तो ढीग संध्याकाळपर्यंत एकेक घडी घालून कपाटात लावला. मग टी-शर्ट बदलून आपला सदरा घातला आणि लहान शेठपुढे हात जोडून म्हणाले, "जातो शेठजी." आपल्यात निघताना माणूस 'येतो' म्हणतो. ते 'जातो' म्हणाले. 

मामांनी मागच्या गल्लीत बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची खोली भाड्यानं घेतली. अमरावतीच्या व्यापाऱ्यानं त्यांच्या तोंडाकडे बघून माल दिला. जमिनीवर सतरंजी, तिच्यावर पांढरी चादर, झालं दुकान. पाटी लागायच्या आधीच लहान शेठची नोटीस येऊन धडकली, धंदा बंद करा नाहीतर कोर्टात या म्हणून. मामी घाबरून माझ्या घरी मेडशीला आल्या. माझा एक चुलतभाऊ वाशिमला वकील आहे. मी दाढ दुखते म्हणून दुकानातून सुटी घेतली आणि मामांना घेऊन त्याच्याकडे गेले.

भावानं कागद वाचला आणि टेबलावर टाकला. म्हणाला, "मामा, नोकरीवर असताना तुम्ही शेजारी दुकान टाकलं असतं तर गोष्ट वेगळी. नोकरी सुटल्यावर माणसाला पोट भरण्यापासून अडवणारा करार कायदा मानत नाही. बिनधास्त दुकान उघडा. गिऱ्हाईक कोणाच्या मालकीचं नसतं, त्याला वाटेल तिथं ते जातं. फक्त तीन गोष्टी सांभाळा. त्यांच्या दुकानाचं नाव लावू नका, त्यांच्याबद्दल खोटंनाटं बोलू नका, आणि दुकानाच्या फोनमधले नंबर उतरवून आणले असतील तर वापरू नका. ती यादी शेठची. तुमच्या डोक्यात जे आहे ते तुमचं."

 मामा म्हणाले, "डोक्यातलं बी त्याईच्याच गादीवर जमा झालं ना, साहेब."

"म्हणून ते त्यांचं होत नाही," भाऊ म्हणाला. त्यानं नोटिशीला झणझणीत उत्तर पाठवलं. लहान शेठच्या वकिलानंही त्यांना तेच सांगितलं असणार, कारण पुढं कोर्टाचं कोणी नाव काढलं नाही. मला वाटलं, सुटलो. मी एसटीत बसून मामांना म्हटलं, आता लावा आवाज, रस्त्यापलीकडे जाऊ द्या. 

दुसऱ्या दिवशी ते मोठ्या शेठजींना भेटायला गेले. मी तेव्हा वरच होते, शेठाणीबाईंना साड्या दाखवायला. शेठजींचं बोलणं तोवर फार तुटक झालं होतं. मामा पलंगाशी खाली बसले, पाय चेपायला लागले. शेठजींनी चालणारा हात मामांच्या डोक्यावर ठेवला आणि मोठ्या कष्टानं म्हणाले, "माझं गिऱ्हाईक बोलावू नको रे."

मामा म्हणाले, "नाही बोलावनार शेठजी. कोनालेच नाही. शबूद देला."

झालं. जे कोर्टानं मागितलं नसतं ते मामांनी एका वाक्यात देऊन टाकलं.

त्याचा अर्थ काय होता ते मला महिन्याभरानं कळलं. माझी मावशी लेकीचा बस्ता घ्यायला माझ्या सांगण्यावरून मागच्या गल्लीत गेली. आणि थोड्याच वेळात लालबुंद होऊन आमच्याच दुकानात आली. "काय वं, तुहा तो मामा. आमी दारात उभे, अन् तो हात जोडून नुसता पाहून राह्यला. या नाही, बसा नाही. येवढा माज कायचा आला त्याले?"

मी जेवणाच्या सुटीत धावत गेले. मामा सतरंजीवर एकटेच बसले होते.

"मामा, माझ्या मावशीला या का नाही म्हणालात?"

"तुही मावशी शेठजीच्या दुकानाचं गिऱ्हाईक नाही का?"

"मग?"

"मंग तिले या कसं म्हनू? शबूद देला हाय मी, बोलावनार नाही म्हनून."

मी कपाळ बडवलं. तिथूनच भावाला फोन लावला आणि फोन मामांच्या कानाला दिला. भाऊ ओरडलाच, मला बाजूला ऐकू येत होतं. "बोलावणं म्हणजे फोन करणं, घरोघरी जाणं. दारात आलेल्याला या म्हणणं म्हणजे बोलावणं नव्हे, मामा. आणि कायद्यानं तर तुम्ही फोनही करू शकता."

मामा शांतपणे म्हणाले, "साहेब, कायद्यात नसंल. पन आमच्या इकडे दुकानदार या म्हनत नाही तोवर मानूस पायरी चढत नाही. मंग ते बोलावनं नाही तं काय हाय?" आणि फोन मला परत दिला. मला त्या माणसाचा इतका राग आला होता की मी डबा न खाताच परत आले. दुकानाच्या काउंटरवर उभं राहून मी त्यांच्या वाटचं गिऱ्हाईक रोज आमच्याकडे वळताना बघत होते, आणि तेही कसं, मामांना शिव्या देत. म्हातारा माजला. म्हाताऱ्याला धंद्याची गर्मी चढली. ज्या माणसानं आयुष्यभर रुसणाऱ्या बायका ओळखल्या त्याच्यावर सगळा मुलूख रुसून बसला, आणि त्याला ते उमजूनही तो तोंड उघडेना.

आम्हाला लहान शेठचा हुकूम होता, मामा कुठं गेले कोणी विचारलं तर माहीत नाही म्हणायचं. मी "माहीत नाही" म्हणायची आणि हनुवटीनं मागची गल्ली दाखवायची. त्याच्यावर तर काही सही केली नव्हती मी.

शेवटी गाडं रुळावर आणलं ते एका तांड्यावरच्या म्हातारीनं. पोहरादेवीला निघाली होती, वाटेत नातसुनेसाठी साडी घ्यायला मामांच्या दारात आली. मामा हात जोडून उभे. म्हातारीनं वरखाली बघितलं आणि म्हणाली, "तू बोलाव का नको बोलाव. म्या माह्या पायानं आली." आणि जाऊन सतरंजीवर मांडी ठोकली. मामींनी मला हे सांगितलं तेव्हा त्या हसत होत्या आणि रडतही होत्या. मामांचा चेहरा असा फुलला म्हणे, सगळं कपाट रिकामं केलं त्यांनी तिच्यापुढे.

ती म्हातारी गप्प बसणारी नव्हती. गावोगाव झालं, मामांनी शब्द दिलाय, ते या म्हणणार नाहीत, आपणच म्हणायचं. मग माणसं दारात उभी राहून सांगायला लागली, "मामा, आमच्या मनानं आलो बरं." एवढं ऐकलं की ते बाजूला व्हायचे आणि आत जायला वाट द्यायचे. इंझोरीवाले आले. ती चुलती खास आली. माझी मावशीसुद्धा गेली दुसऱ्या लेकीच्या वेळी, आणि मामांनी पहिली साडी तिच्यापुढेच उलगडली. ती येऊन मला म्हणते, "मीच कशी काय रुसनारी दिसली वं त्याले?"

पण असं किती माणूस येणार? ज्यांना ठाऊक होतं ते आले. मामांची नजर उतरत चालली होती. मोतीबिंदू झाला होता. पुढं जुनं गिऱ्हाईक कोण आणि नवं कोण हे त्यांना ओळखू येईना, म्हणून त्यांनी कोणालाच या म्हणायचं सोडून दिलं. चुकून शेठजींचं माणूस असलं तर? नवीन पोरं, नव्या सुना, बाहेरगावचे, सगळे त्या मुक्या दुकानाकडे बघून पुढे जायचे. भर लगीनसराईत ते सतरंजीवर गल्लीकडे तोंड करून बसलेले असायचे. एसटी स्टँडला जाताना मी मुद्दाम त्या गल्लीनं जायची. मलासुद्धा ये म्हणत नसत. मीच म्हणायची, आले हो मामा, आपल्या पायानं. त्यांना त्या सतरंजीवर तसं बघून मला रडू यायचं.

मोठे शेठजी गेले तेव्हा मामांनी खांदा दिला. सुतक फिटल्यावर मामी त्यांना म्हणाल्या, आता तरी सुटले तुम्ही, आता घाला हाळी. मीही तिथं होते. मला वाटलं, आता मानतील.

ते म्हणाले, "ज्याले शबूद देला तो गेला. आता वापस कोनापासून घेऊ?"

 मामी उठून चुलीकडे गेल्या.

मामा गेल्या चैत्रात गेले. सकाळी दुकान उघडायला म्हणून निघाले, घराच्या ओट्यावर चप्पल घालायला टेकले ते उठलेच नाहीत. मला मामींच्या शेजारणीचा फोन आला तेव्हा मी नुकतीच दुकानात पोचले होते. लहान शेठना सांगायला गेले, तर ते गोदामात होते, सुरतेच्या व्यापाऱ्याशी फोनवर बोलत. मी काउंटरवर जाऊन उभी राहिले. 

तासाभरात दारात माणसं यायला लागली. आधी पाच-सहा, मग टेम्पो थांबला, मग दुसरा. आमच्या भागात मयताला जाताना प्रेतावर टाकायला दुपट्टा नेतात. मामांचं दुकान तर बंद, आणि त्यांच्या घराच्या वाटेवर कापडाचं मोठं दुकान आमचंच. इंझोरीचे पाटील होते, ती चुलती होती, नातसुनेचा हात धरून तांड्यावरची म्हातारी होती, माझी मावशी होती. ज्यांचे बस्ते मामांनी गिरणीच्या खोलीत बांधले ती सगळी घरं होती. खुर्च्या मांडलेल्या होत्या, पण कोणी बसलं नाही.

लहान शेठ बाहेर आले. गर्दी बघून त्यांनी पंखे लावायला सांगितले, चहा मागवला. त्यांना वाटलं मोठा बस्ता आलाय. मग त्यांनी माझं तोंड बघितलं आणि मी सांगितलं.

 ते स्वतः आत गेले, पांढऱ्या दुपट्ट्यांचे गठ्ठे घेऊन आले आणि माझ्या शेजारी उभे राहून एकेकाला द्यायला लागले. माणसं दुपट्टा घ्यायची, पैसे ठेवायची, निघून जायची. कोणी भाव केला नाही, कोणी उलगडून बघितला नाही, कोणी त्यांच्याशी एक शब्द बोललं नाही. बऱ्याच वेळानं लहान शेठ खालच्या आवाजात मला म्हणाले, "ताई, यातलं एकही आपलं गिऱ्हाईक नाही."

"नाही," मी म्हटलं, आणि माझ्यासाठी एक दुपट्टा बाजूला काढून ठेवला.